गालातली गोळी आणि माठातलं पाणी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, पळसखेडीचे सरपंच माननीय महिपतराव. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी डॉक्टर हर्षदीप साहेब. ज्यांच्यासाठी आपण कामधंदा सोडून इथे जमलो ते सत्कारमूर्ती, आपल्या दवाखान्याचे फार्मासिस्ट देवानंद सर. त्यांच्या शेजारी पदर सावरत अवघडून बसलेल्या रश्मीवहिनी. सरांच्या जागी बेल्लमपल्लीहून आलेले विनय गारू, गारू म्हणजे तेलुगूतले 'राव'. समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनी आणि बंधूंनो. आणि पहिल्या रांगेत पंख्याखालची खुर्ची सकाळपासून धरून बसलेल्या माझ्या सासूबाई जयवंताबाई. आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि जय भीम.

मी रुपा. याच दवाखान्यात नर्स आहे, आणि याच गावची सून आहे. या दोन्ही नोकऱ्यांत बोलायला फारसं मिळत नाही, म्हणून आज माईक हातात आलाय तर तो लवकर सुटेल अशी आशा कोणी ठेवू नये.

भाषणाला सुरुवात करण्याआधी एक सूचना. आत येताना ज्यांची पित्ताची, म्हणजे जेवणाआधी घ्यायची गोळी चालू आहे, त्यांना दारात मी ज्याची त्याची गोळी हातात दिलेली आहे. ती आत्ता घ्यायची नाही. नागोरावभाऊ, तोंडातून बाहेर काढा. मी सांगेन तेव्हा घ्यायची. मागच्या बाजूला वांग्याची भाजी, वरण, भात आणि बुंदी तयार आहे, त्याचा वास मलाही येतोय. पण ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते, असं सरांनी आपल्याला इतकी वर्षं घोकून घेतलंय. माझ्यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. महिपतराव बोलायला उभे राहिले की अर्धा तास कसा जातो ते कळत नाही, हा आपला अनुभव आहे. औषधशास्त्राच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे, आणि त्याबद्दल मी अध्यक्षांचे आगाऊ आभार मानते.

आता सरांविषयी.

सर आधी उटनूरच्या जंगलपट्टीत होते, मग बेल्लमपल्लीला. तिथून तबादला होऊन ते पळसखेडीला आले तेव्हा त्यांना वाटलं होतं, छोटं गाव आहे, ताप-खोकला असेल, आरामात दिवस जातील. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की या गावाला एकच आजार आहे आणि तो म्हणजे ग्यास. इथे गुडघा दुखला तरी ग्यास असतो. चक्कर आली तर ग्यास डोक्यात गेला. झोप लागत नाही, कारण ग्यास फिरून राह्यला. जावयानं फोन उचलला नाही म्हणून रडणारी एक बाई मी स्वतः पाहिली आहे, तिनंही शेवटी खिडकीशी येऊन ग्यासचीच गोळी मागितली, आणि मला वाटतं तिला बरंही वाटलं.

आणि मागायची पद्धत. औषधाच्या पाकिटावर नाव इंग्रजीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आपण तेलंगणात म्हणून, तेलुगूत 'कडुपु मंट', म्हणजे पोटातली आग, आणि मागणारा मराठी. मग तो रंगावर येतो. "थे गुलाबी दवा द्या." गुलाबी दवा म्हणजे पित्त शांत करणारं पातळ औषध. पण खाजेवर लावायचं औषधही गुलाबीच असतं. त्यामुळे आपले बाबाराव पोटाचं औषध आठवडाभर मानेला चोळत होते. सरांनी विचारलं, "बाबाराव, फरक पडला का?" बाबाराव म्हणाले, "खाज तशीच हाय सर, पण थंड वाटते." हसू नका, बाबाराव, तुम्ही तरी हसू नका.

मग सरांनी चित्रं काढायला सुरुवात केली. सरांना आपली चित्रकला फार आवडते, हे तुम्हाला माहीत आहे. नसेल तर जेवताना त्यांच्या शेजारी बसा, ते सांगतीलच. गोळीच्या पुडीवर ते आधी गोळी काढायचे, मग बाण, मग ताटात भाकर. म्हणजे आधी गोळी, मग जेवण. आपल्या नागोरावांनी ती पुडी घरी नेली आणि आठ दिवस नुसती कोरडी भाकर खाल्ली. का, तर चित्रात भाजी नव्हती. त्यांच्या मालकीणबाई खिडकीशी भांडायला आल्या, की सर, त्याईले भाजी कधी चालू करता. तेव्हापासून सरांच्या चित्रात भाकरीशेजारी भाजी आली, वर ठेचा आला, एकदा तर मी कांदा पाहिला. चित्र बघून माणसाला भूक लागायची आणि तो गोळी विसरायचा.

त्याच नागोरावांना पुढे पोट साफ होत नाही म्हणून ईसबगोल दिला. रात्री ग्लासभर पाण्यात टाकून लगेच प्यायचा, इतकं सोपं. नागोराव म्हणाले, पाण्यानं त्याचा जोर कमी होते, आणि कोरडाच तोंडात टाकला. पुढचं सगळं मी इथे सांगत नाही, बुंदी व्हायची आहे. एवढंच सांगते की ईसबगोल तोंडातच फुगायला लागतो, आणि नागोराव दवाखान्यात आले तेव्हा गाल धरून, डोळे मोठे करून, एक शब्द न बोलता आले होते.

अशा माणसांच्या हाती औषध देऊन घरी पाठवायचं तरी कसं? म्हणून सरांनी एक रूल काढला. आजची गोळी माझ्यासमोर, या खिडकीशी घ्यायची. उद्यापासूनची घरी. ज्यांचं रोज चुकतं त्यांनी रोज इथेच यायचं. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या घरून एक माठ आणला, खिडकीशेजारच्या स्टुलावर ठेवला, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर स्टीलचा ग्लास. रोज सकाळी सर स्वतः तो माठ घासून भरायचे. पाणी असं गार, की वाळवंटातून आल्यासारखं प्यावं.

आणि इथून पुढे मी जरा हळू बोलणार आहे.

तुमच्या कधी लक्षात आलं का, की त्या माठातलं पाणी संध्याकाळपर्यंत संपायचं नाही? रांग तर दारापर्यंत असायची. पोरंसोरं प्यायची, कॉलेजची मुलं प्यायची, डॉक्टर साहेब प्यायचे, मी प्यायचे. पण आपली वडीलधारी माणसं? एकाला तहान नसायची. एकाचा उपास असायचा. एकीला घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याशिवाय गोळी उतरतच नसे. देवानंद सर बौद्ध आहेत. त्यांच्या हातची गोळी आपल्याला चालत होती, त्यांच्या माठातलं पाणी चालत नव्हतं. हे कोणी कधी बोललं नाही. आपल्या गावात अशा गोष्टी बोलत नाहीत, नुसत्या करतात.

सर काय म्हणायचे? काही नाही. सर बोलके आहेत, नको तिथे सुद्धा बोलतात. आतड्याची लांबी किती, हे त्यांनी माझ्या दिराच्या साखरपुड्यात सांगितलं होतं. पण या गोष्टीवर एक अक्षर नाही. फक्त बाटलीवाला आला की ते नजर पुडीकडे वळवायचे आणि चित्रात कांदा काढत बसायचे.

अजून एक गोष्ट. सर कुठल्याही लग्नात जेवायचे नाहीत. यायचे, नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचे, आणि पंगत बसायला लागली की हात जोडायचे, "मला पथ्य आहे." आपण म्हणायचो, बिचारा, सगळ्यांच्या पोटाला औषध देते आणि स्वतःचंच पोट नाजूक. गयाबाईंनी तर त्यांना ओवा आणून दिला होता. सरांनी तो घेतला, आभार मानले.

आता येते माझ्या सासूबाईंकडे. आत्याबाई, तुम्ही परवानगी दिली आहे. दिली नाही असं आता म्हणू नका, सगळे बघतायत.

आमच्या आत्याबाईंना पोटात आग व्हायची. म्हणजे साधी नाही. रात्री उठून बसायच्या, छातीवर हात धरायच्या, भाकर अर्धी टाकून उठायच्या. मी नर्स, मी त्यांना सरांच्या खिडकीशी नेलं. पित्ताची गोळी सुरू झाली, तीही रोज खिडकीशी, कारण घरी त्या विसरतील अशी सरांना भीती. महिना गेला, फरक नाही. डॉक्टर साहेबांनी वाढवून दिली, फरक नाही. औषध बदललं, पुन्हा तेच. आदिलाबादला नेऊन तोंडातून दुर्बीण घालून बघितलं, तर आत जखम. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हीच गोळी नीट घ्या, जखम भरली नाही तर रक्त सुटेल, मग पोट फाडावं लागेल. आत्याबाई घाबरल्या नाहीत, मी घाबरले. त्यांच्या पाठीवरची हाडं मला लुगड्यातून दिसायला लागली होती.

सर तर हैराण. गोळी रोज त्यांच्यासमोर जाते, ते स्वतः बघतात, आणि लागू पडत नाही. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. "रुपाताई, घरी मिरची किती?" मी म्हटलं बंद केली. "चहा?" बंद. "चोरून?" मी म्हटलं, सर, सासू आहे माझी, चोर नाही. एकदा तर सरांनी त्याच पाकिटातली एक गोळी स्वतः खाल्ली, औषध खोटं तर नाही ना बघायला. त्यांना काही झालेलंच नव्हतं, तर बरं काय वाटणार? पण सरांचा औषधावर जीव फार. औषधाचा अपमान झाला की त्यांना झोप येत नाही.

याच दिवसांत माझ्या मुलीला, अर्पिताला, किनवटचे लोक बघायला आले. मुलगी बासरच्या कॉलेजात शिकलेली, माणसं चांगली, सगळं जुळत आलेलं. आले, चहा-पोहे झाले, गेले. आणि दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला: मुलगी पसंत हाय, पण मुलीची आजी मुकी हाय हे तुमी काऊन लपवलं? घराण्यात अजून कोणी मुकं हाय का?

आमच्या आत्याबाई मुक्या? गाव ज्यांच्या आवाजानं उठतं, त्या? मी विचारलं, कोण म्हणतं? तर मुलाचे वडील म्हणतात. गावात शिरताना दवाखान्याच्या रस्त्यावर त्यांना एक म्हातारी भेटली. त्यांनी विचारलं, "माय, जयवंताबाईचं घर कोणतं?" म्हातारीनं तोंड घट्ट मिटलेलं, एक गाल फुगलेला, नुसत्या हातानं खुणा करून राह्यली. स्वतःकडे बोट दाखवून राह्यली. मग त्यांचा हात धरून तिनं त्यांना आमच्या दारात आणून सोडलं आणि आत पळाली, ती ते जाईपर्यंत बाहेर आलीच नाही.

मी आत्याबाईंना समोर बसवलं. "आत्याबाई, त्या दिवशी तोंडात काय होतं?"

"काई नाई."

"आत्याबाई."

"गोळी व्हती."

"कसली गोळी?"

"तुह्या सरची. मंग काय करू व? त्याच्यासमोर तोंडात टाका लागते. गालात धरतो अन् घरी येऊन आपल्या घड्याच्या पान्यानं गिळतो."

"रोज?"

"रोजच तं."

दवाखाना कुठे, आमचं घर कुठे. मधे पुलावर दोघी-तिघी भेटणार, कोणी दुखणं विचारणार, आत्याबाई गाल धरून हो-हो करत मान हलवत चालल्यात. ही बाई हल्ली अशी तुटक काऊन वागते, म्हणून अर्धं गाव तिच्यावर रुसलं होतं. आज त्याचा खुलासा होतोय. फकिराभाऊ, तुमच्या बैलाची चौकशी तिनं केली नव्हती ती याच कारणानं.

मला हसू आलं नाही. मला राग आला. मी म्हटलं, त्या माणसाच्या हातची गोळी पोटात चालते आणि पाणी ओठाला चालत नाही, हे कसं? आत्याबाई म्हणाल्या, "माह्या सासूनं सांगतलं थे मी केलं. तुले कोनं काई सांगतलं नाई, तू पेत जाय." एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या. सकाळीच निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडत होत्या, ते मी पाहिलं.

आता मला सांगा, हे सरांना कोणी सांगायचं? नाही सांगावं तर आत्याबाईंची जखम भरत नाही. सांगावं तर कोणत्या तोंडानं? मी दोन दिवस खिडकीजवळून जाताना दुसरीकडे बघत होते. शेवटी दुपारी रांग संपल्यावर गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगून टाकलं. सर, त्या गोळी गालात धरतात. घरी जाऊन घरच्या पाण्यानं गिळतात.

सर उभेच राहिले. मग म्हणाले, "गालात? म्हणजे घरापर्यंत?" मी मान हलवली. आणि सरांचा चेहरा उजळला. खरं सांगते, दिवाळी आल्यासारखा उजळला. "म्हणजे औषध खोटं नव्हतं!" मग मला तिथे उभं करून व्याख्यान सुरू. या गोळीवर एक पातळ कवच असतं, रुपाताई. पोटातल्या आम्लातून ते तिला सुखरूप पुढे आतड्यात नेतं. गालात इतका वेळ धरली की लाळेनं ते कवच सुटतं, मग उघडी गोळी पोटात जाते आणि आम्ल तिचाच फडशा पाडतं. आग विझवणारी गोळी आगीतच जळून जाते. मी डॉक्टर साहेबांना आत्ताच सांगतो. सर दोन पावलं गेले सुद्धा.

आणि मग थांबले. गोळी गालात का धरली होती, ते त्यांच्या डोक्यात तेव्हा पोचलं. त्यांनी माठाकडे पाहिलं. झाकण नीटच होतं, तरी त्यांनी ते उचलून पुन्हा नीट ठेवलं.

म्हणाले, "रुपाताई, रूल माझा आहे, पोट त्यांचं आहे. गोळ्या घरी न्या. घरच्या पाण्यानं द्या. पण लगेच गिळायला लावा, आणि चावू देऊ नका." पुडी बांधली, चित्र काढायला घेतलं. गोळी काढली, बाण काढला, आणि या वेळी भाकरीच्या जागी एक लहान घर काढलं, घराच्या दारात घडा. जयवंताबाईचा घडा. त्यात कांदा नव्हता.

मी ती पुडी घरी आणली. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण चित्र कळतं. त्यांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली. "हे आपलं घर काढलं काय?"

"हो."

"त्याले सांगतलं तू?"

"हो."

"मंग? काय म्हने?"

"काही नाही. चावू नका म्हणाले."

"रागावला नाई?"

"नाही."

आत्याबाईंना कोणी रागावलं तर कसं वागायचं ते माहीत आहे, त्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. न रागावलेल्या माणसाचं काय करायचं, ते त्यांना समजेना. गोळी घरच्या पाण्यानं जायला लागली, आणि थोड्याच दिवसांत आग कमी झाली. पुढे दुर्बिणीत जखम भरलेली दिसली. भाकर पूर्ण जायला लागली, आवाज परत आला, किनवटच्या लोकांना फोनवर त्यांनी असं काही सुनावलं की लग्न लगेच ठरलं. पण ती चित्राची पुडी संपली तरी त्यांनी ती टाकली नाही. देवघरात, हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "चांगला कागद हाय."

मग पावसाळा आला. गावात जुलाबाची साथ आली, तुम्हाला आठवतच असेल, कोणाला नाही आठवणार. दवाखान्यात खाटा कमी पडल्या. अशा वेळी सगळ्यात मोठं औषध म्हणजे ओआरएस, साखर-मिठाची ती पुडी पाण्यात विरघळवलेली. ज्या पेशंटांना डोळ्यासमोर ठेवायचं, त्यांच्यासाठी सरांनी ओआरएसचा दुसरा माठ भरून पहिल्याच्या शेजारी ठेवला. तसंच झाकण, तसाच ग्लास.

त्या गर्दीत एका सकाळी आमच्या आत्याबाई आल्या. इस्त्रीचं लुगडं, डोक्यावर पदर. मला वाटलं यांनाही लागण झाली. त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत, हे सांगायला नको. सरळ खिडकीशी. गोळी अजून चालूच होती, ती घरून पदरात बांधून आणली होती. ती सोडली, जिभेवर ठेवली आणि जीभ बाहेर काढून सरांना दाखवली. मग जीभ आत घेऊन म्हणाल्या, "देवानंदा, पानी दे."

सलाइन लावलेला एक माणूस उठून बसला.

सरांची नजर आत्याबाईंवरून हलेना. त्यांनी न बघताच झाकण काढलं, ग्लास बुडवला, दिला. आत्याबाईंनी एक घोट घेतला.

मला तेव्हाच कळलं. सरांनी चुकीच्या माठात ग्लास घातला होता.

ओआरएस तुम्ही सगळ्यांनी प्यायलेलं आहे. धड खारट नाही, धड गोड नाही. आणि आमच्या आत्याबाई म्हणजे माझ्या वरणात चिमूटभर मीठ जास्त पडलं तर ताट सरकवणारी बाई. चहात साखर कमी असली तर शेजारणीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई. मी बघत होते. एक क्षण त्यांचे डोळे बारीक झाले. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे पाहिलं. त्यांनी आत्ता तोंड वाकडं केलं असतं, तर त्या गर्दीनं त्याचा एकच अर्थ लावला असता. हे त्यांना माझ्याआधी कळलं.

त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. पूर्ण ग्लास, तळापर्यंत, सावकाश प्यायल्या. पदरानं ओठ पुसले आणि ग्लास पुढे केला. "अजून दे."

दुसरा ग्लासही त्याच माठातला.

त्या गेल्यावर सर खिडकीआड खाली बसले. नंतर कधीतरी घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी त्याच माठातलं पाणी समजून प्यायलं आणि धावत माझ्याकडे आले. "रुपाताई, मी हे दिलं? त्या काही बोलल्या नाहीत?" मी घरी जाऊन विचारलं, आत्याबाई, पाणी कसं होतं? म्हणाल्या, "बेस व्हतं." थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "पन त्याले सांग, माठ घासत जाय म्हनावं. खारं लागते."

त्या दिवसानंतर माठ संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायला लागला. सगळेच प्यायला लागले असं नाही म्हणत मी. काही बाटल्या अजून येतात. कोणाच्या, ते मी सांगणार नाही, त्या आजही खुर्च्यांखाली दिसतायत.

मित्रहो, भाषण संपवायच्या आधी सरांच्या पथ्याचं सांगते. मागे मी रश्मीवहिनींना विचारलं, सरांचं पोट कधीपासून बिघडलं? वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "ह्यांचं पोट? दगड खाल्ला तर पचते." मग हसू थांबवून त्यांनी सांगितलं. सर या गावात नवीन आले तेव्हा पहिल्याच लग्नात त्यांची पत्रावळ पंगतीपासून दूर, गोठ्याकडे मांडली होती. सर तिथे बसले, जेवले, घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पथ्य सुरू झालं. ते लग्न कोणाकडचं होतं हे मी सांगणार नाही. अध्यक्षांनी पाणी प्यायला हरकत नाही.

सर, तुम्ही आम्हाला किती प्रकारची औषधं दिली. जळजळीची, मळमळीची, जुलाबाची, पोट धरलं तर सोडायची आणि सुटलं तर धरायची. तुमच्या स्वतःच्या पथ्यावर आमच्याकडे काय औषध होतं? साधंच होतं. ते आम्ही द्यायला इतकी वर्षं लावली, याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे मी हसत हसत सांगू शकत नाही.

आज पंगत एकच आहे. त्यात तुमचं ताट मधोमध आहे. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. ही जागा आत्याबाईंनी काल स्वतः येऊन धरली आहे, त्यावर रुमाल टाकून ठेवला आहे. मला निरोप दिला की, "सरले सांग, आज पथ्य-बिथ्य चालनार नाई."

आता कोपऱ्यात त्या स्टुलावर पांढऱ्या कापडाखाली काय आहे, ते तुम्ही ओळखलंच असेल. विनय गारू, तुमच्यासाठी दवाखान्यात थंड पाण्याची मशीन येणार आहे असं ऐकलं. येऊ द्या. माठ मात्र खिडकीशीच राहील. सर तो घरी न्यायला निघाले होते, आत्याबाईंनी अडवला. रोज घासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, कारण दुसऱ्या कोणाचं घासणं त्यांना पटत नाही.

तर आता गोळी घ्यायची वेळ झाली. ज्यांच्या ज्यांच्या हातात गोळी आहे त्यांनी उठावं आणि इथे, सरांसमोर घ्यावी. पाणी माठातलं आहे. ज्यांना ती गालात धरून घरी न्यायची असेल त्यांनाही मोकळीक आहे, पण ती लागू पडणार नाही, आणि बुंदी इथेच आहे.

बोलण्याच्या भरात कोणाच्या बैलाचा, कोणाच्या मानेचा, कोणाच्या गोठ्याचा उल्लेख जास्तच झाला असेल, तर पोटात घाला. डॉक्टर साहेबांनी मला वेळ दिला, अध्यक्षांनी मधे उठून माईक काढून घेतला नाही, आणि तुम्ही सर्वांनी वांग्याच्या वासात माझं ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. माझं बोलणं मी इथे...

आत्याबाई, तुम्ही काऊन उठल्या? तुमची गोळी तर कधीची बंद झाली. सावकाश, वायर आहे तिथं. बरं, भरा ग्लास.

सर, त्या स्वतःसाठी उठल्या नाहीत. ग्लास तुमच्यासाठी आहे. घ्या, खारं नाही. सकाळी त्यांनी आधी स्वतः पिऊन पाहिलंय.